सगळ्यांनी हात वर केले, तरी ठराव पडला

आमची जालन्यातली बियाण्यांची प्रायव्हेट लिमिटेड आणि तिची शंभर टक्के मालकीची परभणीची जिनिंग कंपनी, दोन्ही एक करायच्या होत्या. अशा जोडीला एनसीएलटीच्या (कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या लवादाच्या) चकरा मारायची गरज नाही, कंपनी कायदा 2013 च्या कलम 233 खाली रिजनल डायरेक्टरकडंच (केंद्राच्या कंपनी खात्याचा विभागीय अधिकारी) काम होतं.

सीएए-9 या फॉर्मात विलीनीकरणाची नोटीस गेली, 30 दिवसांत कुणाची हरकत आली नाही, देणी फेडायची ऐपत आहे हे सीएए-10 फॉर्ममधी लिहून दिलं, ज्यांचं आम्ही देणं लागतो त्यांचंही जमलं (त्यांच्याकडून देण्याच्या रकमेच्या नऊ-दशांशाची मंजुरी लागते). मीटिंगला आलेल्या झाडून सगळ्यांनी हात वर केले आणि मी पेढे वाटून मोकळा. लईच घाई केली. आमचे सीएस (कंपनी सेक्रेटरी) म्हणले, थांबा, ठरावाला लागणारे 90 टक्के हजर लोकांचे नाही, एकूण शेअर्सचे मोजायचे! आता थोरल्या काकांकडं 12 टक्के आणि काका औशाला सोयाबीनच्या राशीत. म्हणजे आम्ही 88 वर अडकलो. मेंबर्सचं रजिस्टर आधी उघडलं असतं तर ही वेळ आली नसती.

मग परत 21 दिवसांची नोटीस काढली आणि आदल्या दिवशी मीच गाडी घेऊन औशाला. काका मळणी मशीनपाशी, डोक्यावर सगळा भुसा, मला बघून म्हणले, "एवढ्यासाठी आलास व्हय?" तसंच गाडीत बसवून आणलं.

ठराव झाला, सीएए-11 फॉर्म रिजनल डायरेक्टरकडं गेला, मंजुरीचा आदेश आला, तो आयएनसी-28 फॉर्म जोडून 30 दिवसांच्या आत आरओसीकडं (कंपन्यांच्या निबंधकाकडं) भरला. काका आता विचारतेत, जिनिंगचा डिव्हिडंड वेगळा येणार का.