बोलिंग सेंटरचा हिशेब कुठे चुकतो? लीग, वॉक-इन आणि रिकाम्या लेन: या चुका टाळा

मुंबईत एखादं बोलिंग सेंटर तोट्यात गेलं की सगळे भाड्याकडे बोट दाखवतात. भाडं जड आहेच. पण शनिवारी रात्री तासभर वेटिंग आणि मंगळवारी संध्याकाळी आठपैकी सहा लेन (पिनांवर बॉल सोडायच्या लांब पट्ट्या) रिकाम्या, ही अवस्था भाड्यामुळे येत नाही. भाव कसा लावला, वेळापत्रक कसं आखलं आणि लीगला, म्हणजे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी खेळणाऱ्या टीमच्या स्पर्धेला, काय समजून जागा दिली, यावरून ती येते. फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग सुरू झालं तेव्हापासून मुंबईकर या खेळाकडे मॉलमधली एका संध्याकाळची करमणूक म्हणून बघतात. मालकही तसंच बघायला लागले की सोमवार ते गुरुवार सेंटर ओस पडतं.

जागा मोजताना लेनच मोजणं

फाउल लाइनपासून (जिच्या पुढे पाय टाकायचा नाही ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, त्याआधी अप्रोचचे (चालत येऊन बॉल सोडायची जागा) किमान १५ फूट, पिनच्या मागे पिट (बॉल आणि पिन पडतात तो खड्डा), मशीन आणि मेकॅनिकला उभं राहता येईल इतकी जागा. हे सगळं मिळून ८५ फुटांच्या आसपास जातं. पुढे बसायची जागा धरली की सलग १०० फूट हवेत. लेनची एक जोडी साधारण साडेअकरा फूट रुंद होते, म्हणजे आठ लेनना ४६ फूट. नुसता खेळच ४,६०० चौरस फूट खातो. काउंटर, शूजचे रॅक, किचन, स्टोअर धरून ६,५०० ते ७,००० लागतात. खांब दोन जोड्यांच्या मध्ये आला तर चालतो, जोडीच्या मधोमध आला तर ती जोडी गेलीच. त्यामुळे नकाशावर आधी खांब मोजा, मग भाड्याचं बोला.

मॉलमध्ये भाडं कार्पेटवर (प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर) लागत नाही, चार्जेबल एरियावर (सामाईक जागेचा वाटा धरलेल्या क्षेत्रफळावर) लागतं, आणि वर मेंटेनन्स वेगळा. करारात ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, यातलं जे जास्त ते द्यायचं, असं कलम असेल तर ‘विक्री’ची व्याख्या शब्द न् शब्द वाचा. लीगच्या बक्षिसांचे पैसे तुमच्या गल्ल्यातून फिरले, तर खेळाडूंच्या पैशावर तुम्ही मॉलला हिस्सा देत बसाल. बक्षीस निधीचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, आणि ते कोणाच्या नावाने असावं हे सीएला विचारून ठरवा.

गेमचा भाव बघणं, लेनचा तास न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विकायला तुमच्याकडे एकच माल आहे: लेनचा एक तास. तो गेला की परत येत नाही. एका माणसाचा एक गेम साधारण १० मिनिटांत होतो, हसतखेळत खेळणाऱ्या ग्रुपचा १२ मिनिटांत. म्हणजे चांगली भरलेली लेन तासाला पाचेक गेम देते. गेमला ३०० रुपये धरले तर १,५०० रुपये तास.

आता उदाहरणादाखल मंगळवार बघू. आठ लेन, संध्याकाळी ७ ते १०, म्हणजे २४ लेन-तास. त्यातले ८ विकले गेले तर हाती १२,००० रुपये. त्याच दिवशी सहा लेनवर चार-चार जणांच्या सहा टीमची लीग लावली, प्रत्येकी तीन गेम, गेमला फक्त १६० रुपये. २४ खेळाडू, ७२ गेम, ११,५२० रुपये. लीगला अडीच तास लागतात, म्हणजे १५ लेन-तास गेले आणि वॉक-इनसाठी (लीगबाहेरच्या, आपापले येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी) ९ उरले. आधीच्या आठपैकी पाच तास जरी त्यात सामावले, तरी ७,५०० रुपये. एकूण १९,०२०. गेमचा भाव जवळजवळ निम्मा करूनही संध्याकाळ ७,००० रुपयांनी वर गेली.

हाच हिशेब शनिवारी उलटा फिरतो. शनिवारी २४ पैकी २२ तास वॉक-इनने भरतात, ३३,००० रुपये येतात. तिथे लीग बसवली तर ११,५२० अधिक उरलेल्या नऊ तासांचे १३,५००, म्हणजे २५,०२०. दर शनिवारी ८,००० रुपये स्वतःच्या हाताने सोडले. म्हणून ‘लीगवाले कमी पैसे देतात’ हे वाक्य अर्धवट आहे. त्या वेळी ती लेन एरवी किती कमावते, हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. लीग सोमवार ते गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवारची संध्याकाळ लीगसाठी मागणारे कितीही जुने असोत, नम्रपणे नाही म्हणा.

वॉक-इनचा भाव लावतानाही हेच सूत्र. शनिवारी गेमप्रमाणे भाव ठेवला तर दोघं जण येतात, एकेक गेम खेळतात, मध्ये फोटो काढतात, ३५ मिनिटांत ६०० रुपये देऊन जातात आणि मागे सहा जणांचा ग्रुप ताटकळत उभा असतो. गर्दीच्या वेळी लेन तासावर द्या, एका लेनवर जास्तीत जास्त सहा जण. आडदिवशी गेमवर द्या, म्हणजे दोघांनाही परवडतं. ऑनलाइन कूपन शुक्रवारी संध्याकाळी ५ नंतर बंदच ठेवा. जी लेन तशीही भरणार होती तिच्यावर सूट देऊन नवं गिऱ्हाईक मिळत नाही.

दोन ग्रुपमधली दहा मिनिटं

शनिवारी रात्री आठ वाजता पाच नंबरची लेन सुटली. पुढचा ग्रुप काउंटरवर आला. एकाचं माप आठ, त्याला नऊचे शूज हवेत. दोघांकडे मोजे नाहीत. कोणीतरी अजून पार्किंगमध्ये आहे. नावं स्क्रीनवर टाकायला तिघं एकाच वेळी सांगतात. पहिला बॉल पडतो आठ वाजून दहा मिनिटांनी. एका संध्याकाळी प्रत्येक लेनवर असे पाच बदल झाले, तर आठ लेनवर ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात लेन-तास वाया. १,५०० च्या भावाने दहा हजार रुपये, प्रत्येक गर्दीच्या दिवशी.

उपाय साधे आहेत. बुकिंग घेतानाच नावं आणि शूजची मापं व्हॉट्सअॅपवर मागवा. लेन सुटण्याआधी दहा मिनिटं शूजची क्रेट तयार ठेवा. वेटिंगमधल्या ग्रुपला शूज आधीच घालायला लावा. मोजे काउंटरवर विकायला ठेवा आणि किंमत मोठ्या अक्षरात लिहा. घड्याळ मात्र ग्रुप लेनवर पोचल्यावर सुरू करा. पैसे देऊन दहा मिनिटं शूज शोधण्यात गेली की लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

लीग सुरू करून वाऱ्यावर सोडणं

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस लीगचे नोंदणीकृत खेळाडू ९० लाखांच्या आसपास होते. आज ते १० लाखांच्या घरात आहेत. तिथल्या लीग तीस-तीस आठवडे चालायच्या. इतकी बांधिलकी लोकांना नकोशी झाली आणि लीगवर उभी असलेली सेंटर पार्ट्या आणि खाण्यापिण्याकडे वळली. मुंबईत तर तीस आठवड्यांचा विचारही नको. पावसाळ्यात गणपतीच्या आधी आठ आठवडे, आणि दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर दहा, नाताळचा आठवडा सोडून. मार्चमध्ये बीकेसी आणि फोर्टातल्या बँकवाल्यांची वर्षअखेर असते, टीम अर्ध्या येतात.

सुरुवात साडेसातला, शेवट दहाच्या आत. डोंबिवली नाहीतर विरारला जाणारा माणूस साडेदहानंतरचा तिसरा गेम खेळत नाही, आणि एकदा उशीर झाला की पुढच्या आठवड्यात त्याची टीम तीनच जणांची असते. लोकल बंद पडल्या तर काय, हा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या: दोन आठवड्यांच्या आत कुठल्याही आडदिवशी दुपारी तीन गेम खेळून घ्यायचे. कोणी आलाच नाही तर त्याच्या सरासरीतून १० गुण वजा करून तो स्कोअर टीमला द्यायचा.

टीम मध्येच सोडून जाणं हे लीगचं खरं दुखणं. शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे सुरुवातीलाच घ्या. मग आठव्या आठवड्यात तळाला गेलेली टीमही खेळायला येते.

हँडिकॅप, म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला द्यायचे जादा गुण, न ठेवणं ही दुसरी मोठी चूक. ऑफिसच्या लीगमध्ये एकाची सरासरी १८०, दुसऱ्याची ११०. हँडिकॅपशिवाय निकाल पहिल्या रात्रीच ठरतो. पाया २२० धरा आणि पाया व सरासरी यातल्या फरकाचे ९० टक्के द्या. ११० वाल्याला ९९ गुण मिळतात, १८० वाल्याला ३६. दोघं २०९ आणि २१६ वर येतात. चांगल्या खेळाडूचं पारडं किंचित जड राहतं, ते राहायलाच हवं. पाया तुमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या सरासरीपेक्षा वर हवा, नाहीतर त्याच्यापुरतं गणित कोसळतं. मुद्दाम खराब खेळून सरासरी पाडणारे भेटतात. जुन्या खेळाडूची मागच्या सीझनची सरासरी पहिल्या नऊ गेमपर्यंत धरली की ही खोड बरीचशी मोडते.

लीग म्हणजे फक्त ऑफिसवाले नव्हेत. आडदिवशीच्या दुपारी भिशीचे गट आणा. दहाबारा जणी, महिन्याचा दिवस ठरलेला, पैसे गोळा करायची शिस्त आधीपासून असलेली. लीगला लागतं ते सगळं तिथे तयारच आहे. त्यांच्यासाठी ८ आणि ९ पौंडांचे बॉल भरपूर ठेवा. हलक्या बॉलची भोकं बहुतेक वेळा लहान मुलांच्या बोटांची असतात, त्यामुळे काही हलके बॉल मोठ्या भोकांचे करून घ्या. अंगठा अडकला की पुढच्या वेळी ती बाई येत नाही.

पावसाळा, ऑइल आणि मशीन

रात्री मॉलचा एसी बंद होतो, सकाळी दहाला सुरू होतो. जुलैत या मधल्या वेळात हवेतला ओलावा अप्रोचवर बसतो. सकाळी दिसायला फरक काहीच नसतो. पण शेवटच्या पावलाला शूज सरकायला हवा तिथे तो चिकटतो, शरीर पुढे जातं आणि माणूस गुडघ्यावर येतो. रात्रभर डिह्युमिडिफायर चालू ठेवा, अप्रोचजवळ आर्द्रता मोजायचा मीटर लावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. अप्रोच कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, ओला पोछा कधीही नाही. आणि टाल्कम पावडर अजिबात नको. एका जागी शूज चिकटतो म्हणून टाकलेली पावडर पुढच्या माणसाला घसरवते. ओल्या चपला-बूट अप्रोचच्या पायरीखालीच उतरवून घ्या.

ऑइल फक्त लीगच्या खेळाडूंसाठी असतं हा गैरसमज लेन खाऊन टाकतो. पहिल्या चाळीसेक फुटांवरचं ऑइल बॉलच्या घर्षणापासून पृष्ठभाग वाचवतं. लीग नसली तरी ते रोज लागतंच. लीगच्या दिवशी खेळाच्या तासभर आधी साफ करून नवं घाला. बॉलवर चढलेलं ऑइल बॉल-रिटर्नच्या (बॉल परत आणणाऱ्या मशीनच्या) पट्ट्यांवर उतरतं आणि पट्टे घसरायला लागतात, म्हणून हाउस बॉल (सेंटरचे स्वतःचे बॉल) आठवड्यातून एकदा पुसून काढा.

दोरीवर बांधलेल्या पिनचं मशीन घ्यायचं की पिन मोकळ्या पडणारं, हे गिऱ्हाइकावरून ठरवा. दोरीच्या मशीनला सुटे भाग कमी, वीज कमी, आणि पूर्णवेळ कसबी मेकॅनिक लागत नाही. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने २०२३ मध्ये त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. गंभीर खेळाडू मात्र मोकळ्या पिनच पसंत करतात. वॉक-इन आणि ऑफिस लीगवर चालणाऱ्या सेंटरला दोरीचं पुरतं. मशीन कुठलंही असो, दोऱ्या, पट्टे, सेन्सर यांचा जादा संच कपाटात हवा. परदेशातून भाग यायला आठवडे लागतात, तोवर जोडीतली एक लेन बंद पडली की त्या जोडीवर लीगच खेळता येत नाही, कारण लीगमध्ये जोडीतल्या दोन्ही लेनवर आलटूनपालटून खेळतात.

खाणं आणि बिल

लीगवाले जेवत नाहीत ही तक्रार ऐकू येते. चाळीस मिनिटांत येणारी डिश ते मागवणार तरी कशी? पहिल्या गेमच्या आधी ऑर्डर घ्या, दुसरा सुरू होताना प्लेट ठेवा. बोटांना तेल लागणार नाही असे पदार्थ निवडा, टेबल अप्रोचपासून एक पायरी मागे.

‘दोन गेम आणि बर्गर’ अशी एकाच किमतीची कॉम्बो ऑफर लावण्याआधी सीएशी बोला. रेस्टॉरंटच्या खाण्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता ५ टक्के जीएसटी लागतो. बोलिंगचा दर वेगळा आहे. दोन्ही एका किमतीत बांधलं आणि ते मिश्र पुरवठा (वेगवेगळ्या गोष्टी एकाच किमतीत विकणं) ठरलं, तर सगळ्या रकमेवर त्यातला जास्तीचा दर लागतो. बिलावर दोन ओळी वेगळ्या ठेवा, आणि दोन्हींची किंमत मेन्यूवरही वेगळीच छापा.