मटण कमी करायचंय? मग त्याच्या जागी काय वाढणार ते आधी ठरवा

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून डॉक्टर ‘नॉनव्हेज जरा कमी करा’ म्हणाले की आपल्याकडे दुसऱ्या दिवसापासून मटण बंद. पण त्याच्या जागी येतं काय? भाताचा एक डाव जास्त, बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी. शाकाहार झाला खरा, पण तो मैदा, तेल आणि पिठूळपणाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या रोजच्या उष्मांकातले सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्यातला थोडा वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांना दिला तर मधुमेहाचा धोका कमी दिसला. मटणासारख्या तांबड्या मांसाने तो फायदा दिसला नाही. म्हणून बदल करायचा तर या क्रमाने करा.

१. आधी आठवडाभर लिहून काढा

रविवारचं मटण सगळ्यांना आठवतं. मंगळवारचा खिमा पाव, ऑफिसखालचा सीख कबाब रोल, मुलांच्या डब्यातलं सलामी सँडविच मात्र कोणी मोजत नाही. तेही लिहा.

हिशेब साधा आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे की तांबडं मांस, म्हणजे बकरा, मेंढी, डुक्कर, गोवंश, शिजवलेलं आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत असावं. चार जणांच्या घरात रविवारी किलोभर मटण आलं, तर हाडं आणि आटणं वजा जाता माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच पोटात जातं. माझ्या मते रविवारच्या मटणाला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. घोळ बाकीच्या सहा दिवसांत असतो.

२. पहिली कात्री सॉसेज-सलामीला

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकन, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोग निश्चित घडवणाऱ्या गटात टाकलं, आणि तांबडं मांस ‘बहुधा घडवतं’ या गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखूही याच गटात आहे, पण म्हणून सॉसेज सिगारेटइतकं घातक ठरत नाही. गट पुराव्याच्या पक्केपणावर ठरतो, धोक्याच्या आकारावर नाही.

मटण घेताना मांडीचं मागा आणि चरबी तिथेच काढून घ्या. रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी वर तवंगाचा पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्याने उचलून टाका. चव जात नाही, आपली धास्ती जाते.

३. मोकळी झालेली जागा भरा

खरं काम इथे आहे. ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ आमटीच्या वाटीत पाचेक ग्रॅम निघतात, चार पोळ्यांत बारा-तेरा. एवढ्यावर भागत नाही. अंड्यात ६ ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांत तेवढेच, आणि ५० ग्रॅम कोरड्या मटकी, चवळी किंवा वाटाण्यात दहा-बारा. सोयाच्या वड्या सर्वांत पुढे: १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासच्या वर.

पण मालवणी-कोकणी घरात ‘आज मटण नाही, मूग खा’ म्हणून चालत नाही. जीव मटणापेक्षा वाटणात अडकलेला असतो. म्हणून काळ्या वाटाण्याचं सांबार करा. वाटाणे रात्री भिजत घाला, सकाळी मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. वाटण मटणाचंच: कांदा आणि खोबरं तांबूस-काळपट भाजून आलं-लसणाबरोबर वाटायचं, वर मालवणी मसाला. एक युक्ती करा. खोबरं नेहमीच्या निम्मं घ्या आणि मूठभर शिजलेले वाटाणे वाटणात घाला. रस्सा मिळून येतो आणि खोबऱ्यातली संपृक्त चरबी आपोआप कमी होते. वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, मटकीची उसळ याच रांगेतली.

मासे सोडायची घाई करू नका. ब्रिटनमधल्या सुमारे ४८ हजार लोकांचा १८ वर्षं पाठपुरावा करून २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकार शाकाहारींत २२ टक्के आणि मांस सोडून मासे खाणाऱ्यांत १३ टक्के कमी आढळला. पक्षाघात मात्र शाकाहारींत २० टक्के जास्त होता. म्हणजे एकाच बाजूने ढोल वाजवण्यात अर्थ नाही. कोळणीकडून महागड्या पापलेटऐवजी बांगडा किंवा तारलीचा वाटा घ्या. ओमेगा-३ त्यांत भरपूर आणि खिशालाही परवडतं. तळण्यापेक्षा तिखलं किंवा कालवण बरं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट-बोंबील काढाल, पण त्यांत मीठ फार. रक्तदाब असेल तर धुऊन आणि बेतानेच.

४. लोह आणि चहा

मांसातलं लोह अंगी चटकन लागतं, भाजी-कडधान्यातलं कमी. लिंबाने ते जास्त शोषलं जातं, चहाने अडतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. पाळी येणाऱ्या बायका-मुलींनी हे जास्त पाळावं.

५. बी-१२ तपासून घ्या

डाळी-भाज्यांतून बी-१२ मिळत नाही. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता कळायला वर्षं जातात, मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा. लोक त्याला वय म्हणतात. दूध-दही-अंडी चालू असतील तर थोडी भर पडते. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणार असाल तर गोळी लागेलच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ आधीच खाली असू शकतं, त्यांनी बदलाआधी रक्त तपासावं. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) पुन्हा करा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डाळी, उसळी, सोया वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण अशा रुग्णांना प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्ही मोजून घ्यावं लागतं.