हिरड्यांतून रक्त, रिपोर्टात कोलेस्टेरॉल: दोन्हींकडे एकत्र कसं बघायचं

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढून २२० आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) घटून ३४ आलं की कोल्हापुरात सगळा दोष रविवारच्या मटणावर जातो. बेसिनमध्ये थुंकलेला फेस कित्येक महिने गुलाबी दिसतोय, हे मात्र डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. ते सांगायला हवं.

निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटरची खाच असते. तिथे जंतूंचा चिकट थर साचून राहिला की लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो. हिरडी दातापासून सुटत जाते आणि खाच ४, ५, ६ मिलिमीटर खोल होते. दंतवैद्य तिला पॉकेट म्हणतात आणि आपण या सगळ्या दुखण्याला पायोरिया म्हणतो. पॉकेटची आतली बाजू म्हणजे सहसा न दुखणारी उघडी जखम. जंतूंचे विषारी घटक तिथून रक्तात जातात, शरीरभर हलकी सूज पेटती राहते. अशा वेळी यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं आणि ती चरबी मोडणारं एन्झाइम मंदावतं. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढायला आणि एचडीएल घटायला मदत होते. एलडीएलवरचा ('वाईट' कोलेस्टेरॉलवरचा) परिणाम त्या मानाने थोडा, आणि प्रत्येकात सारखा नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट हवी. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार सोबत आढळतात, पण एकामुळे दुसरा होतोच हे सिद्ध झालेलं नाही, अशी भूमिका अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली मांडली होती. हिरड्यांवर उपचार केल्यावर रक्तातली सूज दाखवणारं सीआरपी कमी होतं; कोलेस्टेरॉलमधला बदल मात्र छोटा असतो, कधी दिसतो, कधी नाही. त्यामुळे दात साफ करून घेतले म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची नाही. आणि एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर हिरड्यांकडे बोट दाखवू नका. तिथे आनुवंशिक कारण असू शकतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांचंही रक्त तपासावं लागतं.

रक्त कधी द्यायचं, इथेच बरेच लोक चुकतात. हिरडीला गळू आलंय, गाल सुजलाय, ताप आहे, अशा दिवसांत लिपिड प्रोफाइल करू नका. तीव्र संसर्गात एलडीएल आणि एचडीएल तात्पुरतं खाली येतं आणि ट्रायग्लिसराइड वर जातं. रिपोर्ट वाचून 'एलडीएल सुधारलं' असा चुकीचा दिलासा मिळतो. संसर्ग पूर्ण बरा होऊन काही आठवडे गेले की तपासा. ट्रायग्लिसराइड आधी जास्त आलेलं असेल तर १० ते १२ तास उपाशी राहून रक्त द्या, पाणी चालतं. बरोबर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करून घ्याच. साखर ताब्यात नसली की हिरड्या आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही बिघडतात, आणि रिपोर्टातला खरा चोर पुष्कळदा तिथेच सापडतो.

दंतवैद्याकडे गेल्यावर नुसतं 'क्लीनिंग करा' म्हणू नका. 'पॉकेट मोजून लिहून द्या' असं म्हणा. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी बारीक मोजपट्टीने खोली मोजतात. ४ मिलिमीटर किंवा जास्त किती ठिकाणी आहे आणि मोजताना रक्त किती ठिकाणी आलं, हे दोन आकडे कागदावर घ्या. लिपिड रिपोर्टच्या फाइलमध्येच तो कागद ठेवा. पॉकेट खोल असतील तर वरवरची सफाई पुरत नाही. भूल देऊन मुळापर्यंत खरवडून साफ करावं लागतं, तेही बहुधा दोन ते चार बैठकांत. नंतर काही आठवडे गार पाणी झोंबतं. सूज उतरल्याने हिरडी आक्रसते आणि दातांमध्ये फटी दिसतात. 'सफाई केल्यावर दात हलायला लागले' ही तक्रार इथूनच येते. दात आधीच सैल झालेले असतात, साचलेल्या दगडाने ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात, इतकंच. या भीतीने उपचार अर्धवट सोडू नका.

खुर्चीत बसण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा. ही पायरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथली चूक महागात पडते.

ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अंग विलक्षण दुखणं, लघवी गडद तपकिरी होणं ही त्याची लक्षणं. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अ‍ॅमॉक्सिसिलिनबाबत हा धोका नाही. मुळात साध्या पायोरियाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सफाईसाठी स्वतः थांबवू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने ती गोळी बंद करणं हिरडीतून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा फार धोक्याचं आहे. हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. आणि ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असून हिरड्या दातांवर चढत असतील, तर तो त्या औषधाचाही परिणाम असू शकतो. गोळी बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील.

घरी रोजचं काम. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी थरथरवल्यासारखं हलवा. आडवं घासू नका, त्याने दाताच्या मुळाशी खाचा पडतात. सकाळी आणि झोपताना दोन-दोन मिनिटं. रात्रीचा ब्रश चुकवू नका. थुंकल्यावर लगेच खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड वाहून जातं. रक्त येतं म्हणून ती जागा सोडून घासणं ही सर्वांत नेहमीची चूक. तिथेच हलक्या हाताने नीट साफ केलं तर दोनेक आठवड्यांत रक्त कमी होतं. कमी झालं नाही तर आत दगड आहे असं धरून चाला.

मटणाचे धागे नेहमी एकाच फटीत अडकत असतील तर तिथे बहुधा पॉकेट आहे किंवा दोन दातांमधली जागा मोकळी झाली आहे. सेफ्टी पिन आणि उदबत्तीची काडी हिरडीला जखम करतात. त्याऐवजी फटीतला छोटा ब्रश वापरा: केस दोन्ही बाजूंना घासतील पण तार दाताला लागणार नाही, असा मापाचा. फट घट्ट असेल तर फ्लॉस. क्लोरहेक्सिडिनची ०.२ टक्क्यांची चूळ १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. दातांवर तपकिरी डाग बसतात, चव जाते. पेस्ट आणि या चुळीत अर्धा तास अंतर ठेवा, नाहीतर तिचा असर कमी होतो.

मिश्रीबद्दल सांगायलाच हवं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं थांबतं आणि बाईला वाटतं मिश्रीने हिरड्या बळकट झाल्या. आत हाड झिजत राहतं. सोडल्यावर सुरुवातीला रक्त जास्त येऊ शकतं, ते बरं होण्याचंच लक्षण आहे. आईला किंवा आजीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडेल. मदतीसाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे: १८००-११२-३५६.

ताटाचं थोडक्यात. पांढऱ्या-तांबड्या रश्श्यासाठी मटणाचं पाणी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने उचलून टाका, मग फोडणी. पांढऱ्या रश्श्यात नारळाच्या दुधाची संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) असतेच, म्हणून वाटी एकच. मिसळीचा कट वेगळा मागवा. म्हशीचं दूध तापवून गार करून दोनदा साय काढा. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर तेलाआधी साखर, गूळ, उसाचा रस आणि दारू कमी करा. गूळ साखरेपेक्षा फार वेगळा नाही, आपल्या जिल्ह्याचा असला तरी.

शेवटच्या बैठकीनंतर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजून घ्या आणि त्याच सुमारास लिपिड प्रोफाइल, शक्यतो त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून. मधल्या काळात गोळीचा डोस बदलला असेल तर ती तारीख रिपोर्टवर लिहा, म्हणजे कशाने काय बदललं हे कळेल. पॉकेट भरले पण लिपिडचे आकडे हलले नाहीत, तर औषधाबद्दल फिजिशियनशी बोला. आकडे सुधारले पण रक्त येतंच आहे, तर दंतवैद्याकडे परत जा. एकदा खोल पॉकेट झालेल्यांनी दर ३ ते ४ महिन्यांनी सफाई करून घ्यायची असते, वर्षातून एकदा नव्हे.