‘टुविक्स’ दाखवणार असाल तर पहिला प्रश्न जपून विचारा

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेतला ‘टुविक्स’ हा भाग अमेरिकेत ६ मे १९९६ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. त्यावरचं भांडण आजही मिटलेलं नाही. अवकाशजहाजाची कॅप्टन जेनवे हिने खून केला म्हणणारे आणि तिने कॅप्टनचं कर्तव्य बजावलं म्हणणारे, असे दोन तट पडले ते कायमचेच. २०२३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्याच ‘लोअर डेक्स’ या ॲनिमेशन मालिकेने एक अख्खा भाग याच प्रकरणावर केला, इतकं ते प्रेक्षकांच्या मनात रुतून बसलं आहे.

गेल्या नऊ-दहा वर्षांत मी हा भाग पंधराएक वेळा लोकांना घरी बोलावून दाखवला आहे. ऑफिसातले सहकारी, सोसायटीतल्या मैत्रिणी, भाच्याचा कॉलेजचा ग्रुप. एकदा तर ज्यांनी आयुष्यात विज्ञानकथा म्हणून काही पाहिलं नव्हतं अशा माझ्या दोन मावश्याही होत्या. या विषयावर एक सल्ला हमखास मिळतो : भाग लावा, मग सगळ्यांना मोकळेपणी बोलू द्या, चर्चा आपोआप रंगते. चर्चा रंगते हे खरं, पण ती कुठेही पोचत नाही आणि माणसं दुखावून घरी जातात. म्हणून हे लिहिते आहे. गोष्ट पुढे पूर्ण उघडी केली आहे, तेव्हा भाग पाहिला नसेल तर आधी पाहून या.

तयारीत विशेष काही नाही. सहा ते आठ माणसं, पाऊण तास, इंग्रजी सबटायटल्स सुरू, चहा आधी आणि जेवण नंतर. आधी पाहिलेलं कोणी असेल तर त्याला शेवटाबद्दल गप्प राहण्याची तंबी द्या. मालिका माहीत नसलेल्यांना एवढंच सांगा : हे जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलंय, परतायला पंचाहत्तर वर्षं लागतील. टुवॉक हा सुरक्षा अधिकारी, कडक शिस्तीचा, भावना आवरून धरणारा. नीलिक्स हा स्वयंपाकी, बडबड्या आणि मायाळू. केस नावाची तरुणी नीलिक्सची जोडीदार आहे आणि टुवॉककडे मनावर ताबा ठेवायला शिकते. याहून जास्त सांगू नका.

मध्ये थांबवू नका. ‘जेनवे निर्णय घेण्याआधी पॉज करा आणि प्रेक्षकांना विचारा, तुम्ही काय कराल’ अशी युक्ती बरेच जण सुचवतात. मी दोनदा करून पाहिली आणि दोन्ही वेळा वाया गेली. या भागाचा सगळा जीव शेवटच्या दहा मिनिटांत आहे. त्याच्या आधीच लोकांकडून मत वदवून घेतलंत तर पुढची दहा मिनिटं ते आपलं मत बरोबर निघतंय का तेवढंच बघतात. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसतच नाही.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा. पुढचा भाग आहे ‘रिझोल्यूशन्स’, आणि त्यात जहाजाची सूत्रं टुवॉकच्या हातात आहेत. एकदा माझ्याकडून हे राहिलं. एका पाहुण्याने लगेच म्हटलं, ‘बघा, तो परत आला म्हणून जहाज चाललं!’ झालं, त्या संध्याकाळी पुढे कोणी वेगळा विचार केलाच नाही.

आता अवघड टप्पा. भाग संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटं.

गोष्ट थोडक्यात अशी. टुवॉक आणि नीलिक्स एका ग्रहावरून ऑर्किडसारखी फुलं घेऊन ट्रान्स्पोर्टरने, म्हणजे माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राने, परततात. त्या वनस्पतीतल्या विकरांमुळे दोघं एकजीव होतात आणि यंत्रातून तिसराच माणूस बाहेर येतो. तो स्वतःला टुविक्स म्हणवतो. दोघांच्या आठवणी त्याच्याकडे आहेत, पण मन एकच आहे, त्याचं स्वतःचं. त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा मिसळलेले आहेत, गणवेशाच्या कापडात नीलिक्सच्या कपड्यांची नक्षी उतरलेली. (पाहुण्यांचं लक्ष इकडे वेधू नका, ज्याचं त्याला दिसू द्या.) काही आठवडे जातात. तो सुरक्षेचं काम नेटकं करतो, स्वयंपाक उत्तम करतो, लोकांना आवडायला लागतो. मग डॉक्टरला दोघांना वेगळं करण्याची रीत सापडते. टुविक्स म्हणतो, मला मरायचं नाही. जेनवे ठरवते, वेगळं करायचं. डॉक्टर नकार देतो : रुग्णाच्या इच्छेविरुद्ध मी त्याचा जीव घेणार नाही. मग जेनवे स्वतःच्या हाताने ते करते.

पहिल्यांदा दाखवला तेव्हा दिवे लावले आणि मी उत्साहाने म्हटलं, ‘जेनवे बरोबर वाटते त्यांनी हात वर करा.’ सात जण होतो. दोन हात वर आले. त्यातला एक माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा. बाकीच्यांपैकी एकजण हसत हसत म्हणाला, ‘म्हणजे तू खुनाच्या बाजूने.’ ती काही बोलली नाही. हातातला कप टीपॉयवर ठेवला, चहावर साय धरली होती, आणि दहा मिनिटांनी काम आहे म्हणून निघून गेली. चार महिने तिचा फोन नव्हता. नंतर कळलं ते असं : वर्षभरापूर्वी तिच्या वडिलांचा व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर तिने सही केली होती. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. जेनवे टुविक्सला हेच सांगते, की त्या दोघांचा आवाज आता मला व्हायचं आहे. आणि आम्ही माझ्या मैत्रिणीला हात वर करायला लावून खुनी ठरवलं होतं.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे : ‘बरोबर की चूक’ हा प्रश्न पहिला विचारायचाच नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणी कुठल्या दवाखान्यात काय निर्णय घेतलाय, हे आपल्याला माहीत नसतं. शिवाय एकदा हात वर गेला की माणूस पुढचा तासभर त्या हाताची राखण करतो. हातांची मोजणी करा, गट पाडा, वादविवाद स्पर्धेसारखं घ्या, असे सल्ले ज्यांनी लिहिलेत त्यांनी हा भाग कोणाला दाखवला असेल असं मला वाटत नाही.

मी आता काय करते ते सांगते. शेवटी जेनवे दवाखान्यातून बाहेर पडते, कॉरिडॉरमध्ये एकटी येते आणि तिचा चेहरा दिसतो. तिथे चित्र थांबवते. दिवे लावत नाही. दोन-तीन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. ही शांतता लोकांना जड जाते, कोणीतरी खाकरतं, कोणी मोबाइल काढू बघतं. तुम्ही मात्र डळमळू नका. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि पेन देते, नाव लिहायचं नाही, आणि एकच प्रश्न : टुविक्स तुमच्या लेखी माणूस कधी झाला? तो प्रसंग लिहा.

हा प्रश्न मी शोधलेला नाही, तो भागातच आहे. जेनवे एका प्रसंगात म्हणते की अपघाताच्या क्षणीच वेगळं करता आलं असतं तर मी जराही थांबले नसते. पण आता त्याने इथे स्वतःचं आयुष्य उभं केलंय, मग तो अपघात कधी संपला आणि व्यक्ती कधी सुरू झाली? पहिल्या खेपेला प्रेक्षकांच्या कानावरून हे वाक्य निसटून जातं.

चिठ्ठ्या गोळा करून तुम्हीच वाचा, सावकाश, आवाजात चढउतार न आणता. उत्तरं दरवेळी चकित करतात. कोणी लिहितं, यंत्रातून बाहेर आला तेव्हाच. कोणी लिहितं, स्वतःचं नाव घेतलं तेव्हा. कोणी लिहितं, केससमोर प्रेम कबूल केलं तेव्हा. कोणी लिहितं, मरायचं नाही म्हणाला तेव्हा. आणि दर खेपेला एक चिठ्ठी असते, ‘कधीच नाही’. तिची टर उडू देऊ नका. टुवॉक आणि नीलिक्सला मागचे कित्येक भाग पाहिलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. त्याची दोन माणसं हरवली आहेत आणि त्यांच्या जागी कोणीतरी भलताच वावरतोय.

मग दुसरा प्रश्न, आता तोंडी : तुमच्या त्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी वेगळं केलं असतं तर चाललं असतं का? इथे खोली बदलते. जे जेनवेला खुनी म्हणणार होते त्यातले बरेच म्हणतात, हो, चाललं असतं. मग ते स्वतःच थबकतात, कारण एका दिवसाने ते खुनाच्या इकडे किंवा तिकडे होतात. भांडण दुसऱ्याशी व्हायचं ते स्वतःशी सुरू होतं. मला हवं असतं ते हेच.

यानंतर कोणीतरी हिशोब मांडणारच : दोन जीव वाचले, एक गेला. याला घाईने खोडू नका. मी एक खरं प्रकरण सांगते. २००० साली इंग्लंडमध्ये शरीराने जोडलेल्या दोन जुळ्या मुलींना वेगळं करायची परवानगी न्यायालयाने दिली, आईवडिलांचा विरोध असताना. शस्त्रक्रियेत एक जाणार हे ठाऊक होतं आणि ती गेली. दुसरी जगली. पण तिथे काही केलं नसतं तर दोघीही दगावल्या असत्या. टुविक्स धडधाकट होता, त्याला हात लावला नसता तर कोणीही नव्याने मरणार नव्हतं. हा फरक पुढे ठेवला की नुसत्या बेरीज-वजाबाकीवर विसंबलेले थांबतात. मग त्यांच्यातलाच एखादा नेमका प्रतिप्रश्न करतो : टुवॉक आणि नीलिक्स मेलेले होते की अडकलेले? मेलेल्यांसाठी जिवंत माणूस द्यायचा नाही, पण अडकलेल्यांना सोडवायला हवं. भागात याचं उत्तर नाही. टुविक्स म्हणतो ते माझ्यात जगताहेत, जेनवे म्हणते ते जगणं नव्हे.

मराठी माणसं जमली असली की वेताळ पंचविशीतली ती गोष्ट निघतेच, ज्यात देवीच्या देवळात बाई घाईघाईत एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर लावते आणि मग नवरा कोणता, हा प्रश्न पडतो. विक्रम सांगतो, ज्याच्यावर नवऱ्याचं डोकं तो नवरा. काढू द्या ही गोष्ट, उपयोगी आहे. फक्त एवढं विचारा की इथे डोकं कोणाचं? टुविक्समध्ये सुटं करून दाखवता येईल असं कोणाचंच काही उरलेलं नाही. म्हणून विक्रमाचं उत्तर इथे चालत नाही, आणि राजाला उत्तर माहीत नसेल तर गप्प बसण्याची मुभा आहे हेही लोकांना आठवतं.

केसबद्दल बोलणं निघालं तर सांभाळून घ्या. टुविक्स तिला म्हणतो, माझ्यासाठी कॅप्टनशी बोल. ती जाते, आणि रडत कबूल करते की मला नीलिक्स परत हवाय. यावर तिला स्वार्थी ठरवायची घाई होते, विशेषतः तरुण मुलांकडून. मी तिथे स्पष्ट अडवते. जवळचं माणूस परत मिळू शकतं हे कळल्यावर नको म्हणणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

डॉक्टरच्या नकारावर फार वेळ घालवू नका, त्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

वेळ ठेवा तो त्याआधीच्या प्रसंगासाठी. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, टुविक्स एकेकाकडे वळून विचारतो, हे चूक आहे असं तुमच्यापैकी कोणालाच वाटत नाही का? सगळे नजर चुकवतात. कोणी जेनवेला पाठिंबा देत नाही, कोणी तिला अडवतही नाही. नेण्याआधी तो त्यांना क्षमा करून जातो. चाहत्यांची सगळी शक्ती जेनवेवर वाद घालण्यात जाते आणि हे गप्प उभे राहिलेले सुटतात. मला तर ते जेनवेपेक्षा जास्त छळतात. तिने निदान स्वतःच्या हाताने केलं.

म्हणून शेवटची चिठ्ठी याच प्रसंगावर घेते. तुम्ही त्या ब्रिजवर उभे असता तर काय म्हणाला असता? एकच वाक्य. पाच मिनिटं देते. बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या येतात आणि त्या मी कोऱ्याच वाचून दाखवते, म्हणजे उघडते, दाखवते आणि बाजूला ठेवते.

मागच्या दिवाळीनंतर दाखवला तेव्हा ती मैत्रीणही आली होती, स्वतःहून. आठ चिठ्ठ्यांपैकी सहा कोऱ्या होत्या. एकीवर ‘थांबा’ एवढंच होतं. एकीवर तिचं अक्षर मी ओळखलं : ‘काही म्हणाले नसते, पण त्याच्याकडे बघितलं असतं.’ मी ती वाचली, टीव्ही बंद केला आणि पानं मांडायला घेतली.