‘पासवर्ड दे, नाहीतर विश्वास नाही म्हणायचं’

अकरावी-बारावीच्या वयातल्या नात्यात हात उगारण्याच्या बराच आधी फोन हातात घेतला जातो. “रात्री बाराला ऑनलाइन होतीस, कुणाशी बोलत होतीस?” “क्लासला आहेस ना, मग लाइव्ह लोकेशन टाक.” मुलांना हे प्रेमच वाटतं.

रुसवेफुगवे सगळीकडे असतात, म्हणून ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं ते बघा. दोन दिवस अबोला धरून विषय मिटला, तर ते भांडण. ‘नाही’ म्हणायचीच धास्ती बसली असेल, तर ती जबरदस्ती. घरात ती अशी दिसते: मेसेज आला की ताट तसंच टाकून उठणं, व्हिडिओ कॉलवर फोन फिरवून खोलीत कोण आहे ते दाखवणं, जुन्या मैत्रिणी एकेक करून सुटणं. मुलग्यांच्याही वाट्याला हे येतं, पण चेष्टा होईल म्हणून ते बोलत नाहीत.

मुलानं हे सांगितल्यावर बहुतेक घरांत पहिल्यांदा फोन काढून घेतात, मग क्लास बंद करतात. म्हणजे शिक्षा त्रास सोसणाऱ्यालाच. पुढच्या वेळी ते मूल तोंड उघडत नाही, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. त्यापेक्षा “सांगितलंस ते बरं केलंस, फोन तुझ्याकडेच राहील” एवढं म्हणा आणि ऐका. “कुणालाही सांगणार नाही” असं वचन मात्र देऊ नका. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक-डॉक्टरांनाही यातून सूट नाही.

फोन आवरताना घाईनं ब्लॉक करू नका. आधी धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात नंबर किंवा युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी लॅपटॉप दिसला तर लॉगआउट करा. नुसता इन्स्टाचा पासवर्ड बदलून भागत नाही, कारण तो रीसेट होतो ईमेलवरून. म्हणून ईमेलचा आधी बदला, इन्स्टाचा नंतर. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग आणि स्नॅपचॅटमधला स्नॅप मॅपही तपासा. वाट अचानक बंद झाली की समोरचा बिथरू शकतो, म्हणून हे ज्या दिवशी कराल त्यानंतर काही दिवस क्लासला जाता-येता कुणीतरी सोबत असू द्या.

फोटो व्हायरल करायची धमकी असेल, तर पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका. दिले की मागणी वाढते. मूळ फोटो घाबरून डिलीट करू नका आणि ‘पुरावा’ म्हणून कुणाला फॉरवर्डही करू नका. अल्पवयीन मुलांचे असे फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी खाली गुन्हा आहे, त्यामुळे ते पोलिसांना फोनवरच दाखवा. ‘टेक इट डाऊन’ या मोफत सेवेत फोटो कुठेही अपलोड होत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो वापरून प्रती हटवतात. ठसा काढायला फाइल लागते, म्हणून डिलीट नको. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खासगी चॅटमध्ये मात्र ही सेवा पोचत नाही.

“तू सोडलंस तर हात कापून घेईन” ही धमकी थट्टेवारी नेऊ नका, पण ती सांभाळायचं काम तुमच्या मुलाचं नाही. धमकी देणाऱ्याच्या घरी लगेच कळवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या. जिवावर बेतत असेल तर 112.

हे टाळायची सुरुवात घरातच होते. “आमच्यापासून काय लपवायचं?” म्हणत रोज मुलांचे चॅट वाचले, तर माया म्हणजे पासवर्ड देणं, असंच ती शिकतात. फोनचे नियम जरूर घाला, पण ते उघड असू द्या, चोरून तपासणी नको.

तक्रारीसाठी चाइल्डलाइनचा 1098 चोवीस तास चालू असतो. ऑनलाइन प्रकरण राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येतं. हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्यातून परत पाठवलं, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी फिर्याद, मागा. पोक्सोत मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून आणि गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.