पावसाळी रानासाठी घडीचा चाकू कसा निवडावा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात भर पावसाळ्यात वाट चुकून रात्र काढण्याची वेळ आली, तर माणसाला सर्वांत आधी गाठते ती थंडी. कपडे भिजलेले असतात, हात बधिर झालेले असतात आणि हाताला लागेल ते लाकूड पाण्याने जड झालेले असते. अशा वेळी चाकूकडून अपेक्षित असलेली कामे साधी आहेत : दोरी कापणे, ताडपत्री ताणण्यासाठी खुंट्या तासणे, जखमेवर बांधायला कापडाची पट्टी काढणे आणि फांदीची साल व भिजलेला थर सोलून आतल्या कोरड्या गाभ्याच्या पातळ झिलप्या काढणे. (सर्पदंशाच्या जागी चीर देणे हे मात्र चाकूचे काम नव्हे. त्याने केवळ इजा वाढते; रुग्णाला शक्य तितके स्थिर ठेवून दवाखान्यात हलवावे.)

रानालगतच्या गावांतला माणूस फांद्या तोडायला कोयती वापरतो, आणि तेच योग्य आहे. घडीचा चाकू मधोमध जोडलेला असतो. त्याच्या पाठीवर दांडका हाणून लाकूड फोडू लागल्यास आधी बिजागरी ढिली होते आणि मग खटका दगा देतो. म्हणून निवड करताना पात्याच्या चकाकीपेक्षा हा सांधा अधिक बारकाईने पाहावा.

पाते उघडे धरून ठेवण्याच्या पद्धती अनेक आहेत. नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा, खटका नसलेला चाकू फळे कापायला उत्तम असतो. परंतु टोकावर जोर येताच तो मिटू शकतो आणि तो मिटतो तो बोटांवरच. माझ्या उजव्या तर्जनीवरचा व्रण अशाच एका चाकूचा आहे. मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला अडते, ती ‘लायनर लॉक’ पद्धत आज सर्वत्र आढळते. एका हाताने उघडण्यास ती सोयीची आहे; मात्र चिखलाचा खडा आत अडकला तर पट्टी पूर्ण बसत नाही, आणि मिटताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत येतो. मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका असलेली ‘बॅक लॉक’ पद्धत जरा ताठ वाटते, पण थंडीने आखडलेल्या बोटांना तीच अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे. तिच्या खाचेतही माती साचते, त्यामुळे ती अधूनमधून काडीने साफ करावी लागते. ओपिनेलसारख्या फ्रेंच चाकूंत पात्याच्या बुडाशी फिरवायचे कडे असते. ही रचना साधी आणि भरवशाची आहे. परंतु मूठ लाकडी असल्याने ती सततच्या ओलीने फुगते आणि पाते आत आवळले जाते. मग ते नखाने काही केल्या उघडत नाही.

दुकानात चाकू हाती आल्यावर तो पूर्ण उघडून पाते डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. किंचितही खेळ जाणवला तर तो परत द्यावा. त्यानंतर बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबावी. खटका सुटता कामा नये.

पोलादाबाबत पाऊस हाच निकष मानावा. साधे कार्बन पोलाद सहज धार घेते, पण अशा हवेत ते एका रात्रीत तांबूस पडू शकते. डी-२ या पोलादात गंज रोखणारे क्रोमियम सुमारे १२ टक्के असूनही त्याचा बराच भाग कार्बाइडांत (कार्बनशी झालेल्या कठीण संयुगांत) अडकलेला असतो, त्यामुळे त्यालाही डाग पडतात. आपल्याकडे १२सी२७, १४सी२८एन किंवा ८सीआर१३एमओव्ही यांसारखे स्टेनलेस पोलाद पुरेसे आहे. नावाइतकेच महत्त्व पोलादाला दिलेल्या पाण्याला, म्हणजे तापवून थंड करण्याच्या प्रक्रियेला असते, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंट पाहिलेल्या वाचकास वेगळे सांगायला नको. ५६ ते ६० एचआरसी (रॉकवेल मापनानुसार) कडकपणा असलेले पाते धारही टिकवते आणि साध्या दगडावर पाजवताही येते.

पाते ७ ते ९ सेंटिमीटर लांब, सुमारे ३ मिलिमीटर जाड आणि सरळ धारेचे असावे; करवती दात असलेली धार रानात पाजवता येत नाही. मूठ खरखरीत नायलॉनची किंवा जी-१० ची (काचेच्या तंतूंचे कापड आणि राळ यांच्या पक्क्या थराची) घ्यावी आणि तिला दोरी ओवण्यासाठी भोक असावे, कारण पाचोळ्यात पडलेला काळा चाकू सापडणे कठीण. बटण दाबताच झटकन उघडणारा, रामपुरी धाटणीचा चाकू मात्र घेऊ नये. तो पोलिसांच्या नजरेत शस्त्रच ठरतो.

कायद्याचा आणखी एक भाग या भागातील भटक्यांनी विशेष लक्षात ठेवावा. २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या, याच तालुक्यातील भीमगडच्या हद्दीत चाकू खिशात घालून शिरता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचाही समावेश आहे आणि कलम ३१ नुसार अभयारण्यात शस्त्र नेण्यासाठी आधी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर चाकू घरीच ठेवावा.

नवा चाकू रानात नेण्यापूर्वी घरी हाताला साबण लावून, नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्या हाताने, तो काही वेळा उघडून आणि मिटवून पाहावा. मूठ निसटत असेल किंवा खटका सापडत नसेल, तर तो चाकू आपल्या हाताचा नाही. परतल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन, उघडाच वाळवून, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खाद्यतेल तिथे घालू नये. ते कालांतराने चिकट होऊन माती धरून ठेवते.