खडकाळ किनाऱ्यावर ऑक्टोपसची गणना : या चुका टाळा

ऑक्टोपस शोधणे म्हणजे डोळे ताणून ऑक्टोपस पाहत फिरणे, ही नवशिक्यांची समजूत पहिल्याच ओहोटीला मोडावी लागते. त्वचेचा रंग आणि पोत क्षणात बदलणाऱ्या या प्राण्याला नजरेने हुडकणे बहुधा व्यर्थ ठरते. शोधायचे असते ते त्याचे बीळ, आणि बिळाची मुख्य खूण म्हणजे तोंडाशी पडलेले खरकटे. त्यात खेकड्यांच्या पाठी असतात आणि शिंपल्या असतात, ज्यांतील काहींना त्याने पाडलेले बारीक छिद्र दिसते. लाटांनी लोटलेल्या शिंपल्यांचा ढीग पाहून हुरळणाऱ्यांनी हे छिद्र आधी शोधावे.

मात्र खरकटे नाही म्हणून बीळ रिकामे, हा निष्कर्ष सर्वांत महागात पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका कातळी किनाऱ्यावर आमच्यासोबत आलेल्या विद्यार्थ्याने दगडांनी तोंड बुजलेल्या एका कपारीपुढे वहीत ‘रिकामे’ असे लिहिले आणि तो पुढे निघाला. मी त्याला तिथेच बसवून ठेवले. बऱ्याच वेळाने दोन दगडांच्या फटीत चूषकांची, म्हणजे ऑक्टोपसच्या हातांवरील चिकटणाऱ्या वाट्यांची, एक ओळ सरकली. आत छताला अंड्यांचे झुबके लटकत होते. अंडी राखणारी मादी खाणे सोडते, म्हणून तिच्या दाराशी ताजे खरकटे नसते, आणि आपण मोजण्यातून वगळतो ते नेमके तिलाच. कॅलिफोर्नियाजवळ डेव्हिडसन सागरी पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, २०१८ मध्ये अंडी उबवणाऱ्या माद्यांची मोठी वसाहत कॅमेऱ्यात सापडली. ती चित्रफीत पाहून आलेल्यांना इथेही माद्या तशाच उघड्यावर दिसतील असे वाटते. बुजलेल्या कपारीपुढे मी ‘रिकामे’ न लिहिता ‘दिसला नाही’ असेच लिहितो.

बिळात ब्लीचचे पाणी सोडून प्राणी बाहेर काढण्याची युक्ती काही ठिकाणचे मासेमार वापरतात. संशोधकाने तिचे नावही काढू नये, कारण तिने कपारीतील इतर जीवही मरतात. आत हात घालू नये. रात्री विजेरीला लाल कागद लावावा, कारण लाल प्रकाश ऑक्टोपसला फारसा जाणवत नाही. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवावा.

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचाच दिवस धरावा आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचून उतरत्या पाण्यामागोमाग खाली सरकावे. ऐन ओहोटीला धापा टाकत येणाऱ्यांच्या वाट्याला भरतीच येते, आणि त्यांच्या वहीतील शून्याला मी आकडा मानत नाही.